भाकरीचा खांदा

वैजयंतीला अटॅक आला, त्याचं गोजरबाईला मनापासून वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणं फार दिवस टिकलं नाही. जाऊ दवाखान्यात होती तोवर तिनं अक्कलकोटच्या स्वामींना नारळ बोलला, गुरुवार धरले, रडून डोळे सुजवून घेतले. जाऊ घरी आली तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला तोही तिनंच. तिथून पुढं मात्र रोज काही ना काही असं घडत गेलं, की गोजरबाईला ते खुपायला लागलं.

आधी शहाळी आली. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं नाहीतर मोसंबी घेऊन यायचा, वैजयंतीच्या खाटेशी बसायचा आणि पहिल्यापासून सगळं ऐकून घ्यायचा. जिन्यात घाम कसा फुटला, डोळ्यांपुढं अंधारी कशी आली, डॉक्टरांनी मनगटातून तार घालून नसेत स्प्रिंग कशी बसवली. ऐकणारा तोंडाचा आ करून मनगटाकडं बघत राहायचा. चहा मात्र गोजरबाईनं करायचा. कपबश्या विसळताना ती तीच गोष्ट परत परत ऐकायची, आणि दर वेळी घाम जरा वाढलेला असायचा.

हे कुटुंब मूळचं माढ्याकडचं. थोरला धोंडीराम टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागला, मागून धाकटा अभिमन्यू आला, आणि भवानी पेठेतल्या एका बोळात दोन खोल्या खाली, दोन वर अशा घरात दोघा भावांचे संसार थाटले गेले. दोन्ही जावांनी मिळून कडक भाकरीचा धंदा उभा केला. गोजरबाईनं थापायची, वैजयंतीनं भाजायची. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापून तव्यावर शेकायची, मग चुलीच्या कडेला उभी करून पापडासारखी कडकडीत होईतोवर वाळवायची. वर शेंगाचटणी. गिऱ्हाईक म्हणायचं, गोजरबाईची भाकरी द्या. वैजयंतीची भाकरी असं कधी कुणी म्हटलं नाही. तेवढा एक मान गोजरबाईच्या पदरात होता. बाकी सगळं देवानं धाकटीच्या ओंजळीत टाकलेलं. रंग उजळ, शिक्षण बारावी, आणि नवरा विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा.

त्यात आता हे आजारपण.

धोंडीराम हा गोजरबाईचा नवरा, म्हणजे वैजयंतीचा भासरा, थोरला दीर. त्यांच्यात भासऱ्यानं भावजयीशी तोंडावर बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं झालं तर तो भिंतीकडं बघून सांगायचा, ती पदर सावरून ऐकायची. पण एका संध्याकाळी तो कारखान्यातून आला तो हातात डाळिंबं घेऊन. थेट खाटेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “काय वैजयंती, दम लागतोय का आता?”

गोजरबाई त्या वेळी परात घासत होती. तिचा हात थांबला. लग्न झाल्यापासून या माणसानं तिच्यासाठी फळ म्हणून आणलं असेल तर ते घरात पाहुणे येणार म्हणून. दम लागतोय का, असं तर त्यानं बैलालासुद्धा विचारलं नव्हतं. तिनं परात इतक्या जोरात आपटली, की वरच्या मजल्यावरून तिची सून सृष्टी काय झालं म्हणून बघायला आली.

जेवणाचीही तीच तऱ्हा. वैजयंतीची भाजी बिनमिठाची वेगळी. तिची भाकरी ताजी, मऊ. तेल मोजून. डॉक्टरांनी तिची मिशरी बंद केली, तर अभिमन्यूनं स्वतःची तंबाखूची पुडी गटारात टाकली, म्हणे तिला वास येईल. सकाळी मिशरी लावत बसलेल्या गोजरबाईनं हे बघितलं आणि डबीतून आणखी एक चिमूट घेतली.

आणि मग आले बूट. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. अभिमन्यूनं बायकोला पांढरेशुभ्र बूट आणले आणि रोज सकाळी नवरा-बायको सिद्धेश्वर तलावाकडं चालायला जाऊ लागली. नऊवारी सोडून पाचवारीवर आलेल्या बोळात साडीखाली बूट प्रथमच आले होते. नवरा शेजारून चालतोय, मागं नाही की पुढं नाही, हेही प्रथमच. भाकऱ्या बांधायला येणारी दानम्मा अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी हेल काढून बोलायची. तिला गोजरबाई म्हणाली, “बघ, नटून चाललीय. अटॅक आलाय का हळद लागलीय म्हणावं.”

दानम्मा भाकऱ्यांची चळत कागदात गुंडाळत म्हणाली, “तुमाला बी बूट पायजेत काय अक्का?”

गोजरबाईनं परात पुढं ओढली. पीठ मळायला घेतलं.

आता तिचं स्वतःचं दुखणं. ते होतं, पण ते तिच्या लेखी दुखणं नव्हतंच. भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा खांदा दुखणारच. डाव्या हातानं भाकरी फिरवायची, उजव्यानं थापायची, तासन्‌तास. ज्या बायकांनी हा धंदा केला त्या सगळ्या याला ‘भाकरीचा खांदा’ म्हणायच्या, आणि औषधही ठरलेलं होतं. फडक्याची घडी करायची, गरम तव्याच्या कडेला टेकवायची, भिंतीला पाठ लावून बसायचं आणि ती घडी खांद्यावर दाबून धरायची. गोजरबाईला अलीकडं परात अर्धी झाली की डाव्या कोपरापासून कळ निघायची, खांद्यात शिरायची आणि तिथून जबड्यापर्यंत चढायची. छातीवर पाटा ठेवल्यागत वाटायचं. मग ती घडी घेऊन बसायची. थोड्या वेळात कळ उतरायची, आणि ती परत पिठाला हात घालायची. इतकं हमखास औषध असल्यावर डॉक्टर कशाला लागतो?

आणि डॉक्टर झालाच होता. वैजयंती दवाखान्यात होती तेव्हा अभिमन्यूनं हट्टानं घरातल्या सगळ्यांच्या पट्ट्या काढून घेतल्या होत्या. छातीला वायरी चिकटवून कागदावर रेघा येतात ती पट्टी. गोजरबाईची पट्टी साफ आली. रक्तदाब तेवढा वाढलेला, त्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या तिनं पुडी संपेपर्यंत घेतल्या आणि सोडल्या. धोंडीराम मात्र घरभर सांगत सुटला, “हिला काय हुतंय? हिचं काळीज दगडाचं हाय.” लोक हसले. गोजरबाईही हसली. पण चहा ओतताना बशीत सांडला.

त्यामुळं कळ कितीही आली तरी छातीवर हात ठेवायचा नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. छाती धरली तर बोळातल्या बायका काय म्हणतील ते तिला ऐकू येत होतं. जावेला अटॅक आला म्हणून हिलापण हौस आली. शहाळी खायची हौस. त्यापेक्षा खांदा बरा. खांद्याला कुणी हसत नाही.

वैजयंतीला चुलीपुढं बसायची मनाई होती. ती दाराशी खुर्ची टाकून गिऱ्हाईकांशी बोलायची. सृष्टी भाजायला बसायची. तिथं बसून वैजयंतीची नजर सारखी आत असायची, आणि गोजरबाईला वाटायचं, ही आपल्यावर मुकादम म्हणून बसलीय.

एकदा वैजयंतीनं हळूच विचारलं, अक्का, दाढ पण दुखते का तुमची? गोजरबाई म्हणाली, किडलीय. मग आणखी एकदा वैजयंती म्हणाली, चला की माझ्याबरोबर डॉक्टरांकडं, माझी तारीख आहेच. त्यावर गोजरबाईनं जे उत्तर दिलं ते गिऱ्हाईकानंही ऐकलं.

“एका घराला एकच लाडाचं दुखणं बास की. दोन दोन कोण सोसंल?”

वैजयंतीचा चेहरा उतरला. गोजरबाईला बरं वाटलं, आणि भाकरी थापता थापता आपल्याला बरं का वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

चैत्र लागला. सोलापूरच्या उन्हात चुलीपुढं बसणं म्हणजे चुलीतच बसणं. त्या सकाळी एका लग्नघरची मोठी ऑर्डर होती. परात अर्धीही झाली नव्हती तोच कळ आली. गोजरबाई उठली, भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि हात पुढं करून म्हणाली, फडकं दे गं. सृष्टीनं द्यायच्या आत वैजयंती खुर्चीवरून उठली. तिनंच घडी आणून हातात ठेवली. गोजरबाईनं ती पदरावरून खांद्यावर दाबली. जबडा आवळून बसली. हळूहळू पाटा सरकला, कळ खांद्यातून कोपरात, कोपरातून बोटात आणि बोटातून निघून गेली.

“गेलं बघ,” ती डोळे उघडत म्हणाली. “शेकासारखं औषध न्हाय.”

“अक्का, त्या फडक्याला हात लावून बघा.”

गोजरबाईनं बघितलं. फडकं तव्याजवळ गेलेलंच नव्हतं. दोरीवरचं वाळलेलं, घडी केलेलं, थंड.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझी चेष्टा करतीस? एवढ्या लोकांत?”

“चेष्टा न्हाय.” वैजयंती तिच्यासमोर उकिडवी बसली. “फडक्यानं कळ जात न्हाय अक्का. तुमी बसता म्हणून जाती. माझी बी अशीच जायची, जिन्यात जरा थांबलं की. मला वाटायचं, पित्त हाय.”

“मग तवा का न्हाय बोललीस कुणाला?”

वैजयंतीनं सृष्टीकडं बघितलं. सृष्टी समजून भाकऱ्यांचा ढीग घेऊन बाहेर गेली.

“कुणाला बोलू? तुमी एका दमात परात रिकामी करत हुता. मी नुसती भाजायला बसलेली. मी दुखतंय म्हणाले असते तर तुमी काय म्हणाला असता, सांगा की.”

गोजरबाईला सांगायची गरज नव्हती. कामचुकार. ती तसं म्हणालीही होती, एकदा नाही, बऱ्याचदा. दानम्माजवळ, सृष्टीजवळ, आणि वैजयंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. वैजयंतीनं ते ऐकलं होतं आणि जिना चढत राहिली होती, कोसळेपर्यंत.

यावर गोजरबाईनं काही बोलायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, “माझी पट्टी साफ आलीय,” आणि पिठाला हात घातला. ऑर्डर पुरी केली. मधे दोनदा बसावं लागलं. फडकं तिनं मागितलं नाही, आणि कळ दोन्ही वेळा गेली.

आता तिला कळलं होतं, आणि कळल्यानं जास्तच राग आला. जावेनं शहाळी घेतली, डाळिंबं घेतली, नवऱ्याच्या तोंडचा शब्द घेतला, आणि आता तिचा एवढा हमखास शेकसुद्धा घेतला. धोंडीरामला सांगावं असं तिच्या मनात आलं. तो जेवत होता. ती म्हणाली, आज जरा जड गेलं काम. तो म्हणाला, ऊन हाय. आणि ताक मागितलं.

दोन दिवसांनी सकाळी वैजयंती नि अभिमन्यू चालायला निघाली आणि तिची जिभेखाली ठेवायच्या गोळीची डबी खिडकीत राहिली. डॉक्टरांनी ती डबी जवळ असल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं होतं. गोजरबाईनं ती बघितली. क्षणभर तिच्या मनात आलं, राहू दे, एक दिवस. मग स्वतःचीच लाज वाटून तिनं डबी उचलली आणि बाहेर पळाली.

बोळ तसा लांब नाही. टोकाला किराणा दुकान, पुढं रस्ता. ती दोघं दुकानाच्या जवळ पोहोचली होती. गोजरबाईनं हाक मारायला तोंड उघडलं, पण श्वास पुरेना. चार पावलांवर पाटा येऊन छातीवर बसला. ती विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. समोर पांढरे बूट चालले होते, एकसारखे, न थांबता. वैजयंती नवऱ्याशी काहीतरी बोलत होती, हसतही होती, आणि तिला दम लागत नव्हता. आजारी बाई चालतेय, आणि दगडाच्या काळजाची बाई खांबाला धरून उभी आहे. त्या घडीला गोजरबाईला जावेचा जो हेवा वाटला तो शहाळ्यांचा नव्हता, बुटांचा नव्हता, धोंडीरामनं केलेल्या चौकशीचाही नव्हता. तिला नुसतं तसं चालायचं होतं.

ती खांबाशी खाली बसली. बसलं की जातं, हे आता ठाऊक होतं. पण या खेपेला गेलं नाही. घाम मानेवरून पाठीत उतरला, हाताची बोटं गार पडली.

तिनं सगळा जीव गोळा केला. “वैजू. थांब गं. मला न्हाय हुत.”

वैजयंती वळली. त्या बुटांचा उपयोग त्या दिवशी पहिल्यांदा पळायला झाला. तिनं बघितलं, कपाळाला हात लावला, मुठीतल्या डबीतली एक गोळी तिच्या जिभेखाली ठेवली, आणि एकही प्रश्न न विचारता अभिमन्यूला म्हणाली, “रिक्षा. घराकडं न्हाय, सरळ दवाखान्यात. भावजींना तिकडंच बोलवा.”

रिक्षात गोजरबाई म्हणाली, माझ्या अंगावर पिठाची साडी आहे. वैजयंती म्हणाली, असू दे.

दवाखान्यात पळापळ झाली. पट्टी काढली, रक्त घेतलं, सुया लागल्या. धोंडीराम कारखान्यातून तसाच आला, केसांत कापसाचे तंतू. तो डॉक्टरांना परत परत सांगत होता, साहेब, हिची पट्टी साफ होती की. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. पट्टी स्वस्थ निजवून काढली होती. निवांत असलेल्या हृदयाला रक्त थोडं पुरतं, बारीक झालेली नसही तेवढं भागवते. राबताना जास्त लागतं, तेव्हा ते पोचत नाही, आणि मग हात, खांदा, जबडा, कुठंही दुखतं. काही बायकांना तर छातीत दुखतच नाही. मग त्यांनी विचारलं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या? सोडल्या. मिशरी? गोजरबाईनं मान वळवली. आता उशीर करता येणार नाही, आत्ताच तार घालून बघावं लागेल, असं सांगून ते सहीला कागद आणायला गेले.

धोंडीराम खाटेशी आला. काय करावं न सुचून त्यानं चादर नीट केली.

“मला का सांगितलं न्हाईस?”

“तुमी कवा विचारलं?”

नर्स आली आणि खाट ढकलत घेऊन गेली तरी तो तिथंच, जिथं खाट होती त्या जागेशी उभा होता.

आतली खोली गार होती, इतकी गार की गोजरबाईला वाटलं, एवढी गार खोली सोलापुरात आहे हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. तिला झोपवलं नाही. मनगट बधिर केलं आणि बाजूच्या मोठ्या टीव्हीवर काहीतरी हलायला लागलं. घाबरू नका, नको असेल तर डोळे मिटा, असं डॉक्टर म्हणाले. तिनं डोळे उघडेच ठेवले. माढ्याच्या शेतात तिनं सापसुद्धा डोळे उघडे ठेवून बघितला होता.

पडद्यावर राखाडी धुकं होतं. मग औषध सोडलं आणि धुक्यात एक काळी फांदी उमटली, तिला डहाळ्या, डहाळ्यांना काड्या. सगळं झाड धडधडत होतं. एका जागी फांदी एकदम दोऱ्याएवढी झाली होती, आणि तिच्या पलीकडच्या डहाळ्या फिक्या, अर्ध्यामुर्ध्या. कॅनॉलला पाणी सुटलेलं असावं आणि चारीत कुठंतरी माती ढासळून शेवटच्या वाफ्याला पोचूच नये, तसं. आपला शेवटचा वाफा इतके दिवस कोरडा होता, आणि आपण त्याला भाकरीचा खांदा म्हणत होतो.

तार त्या दोऱ्यापर्यंत गेली. कुणी काहीतरी आकडे बोललं. कळ परत उठली, मोठी, आणि तिनं दात आवळले. मग डॉक्टर म्हणाले, बघा आता. औषध परत सोडलं. काळं पाणी त्या जागेवरून भरून पुढं गेलं, सरळ, शेवटच्या काडीपर्यंत, जिथं आधी काही नव्हतं तिथंही डहाळ्या उगवल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

“किती बसवल्या?” तिनं विचारलं.

“दोन.”

वैजूला एक, हे तिला आठवलं.

वॉर्डात आणल्यावर आधी वैजयंतीलाच आत सोडलं. आल्या आल्या ती शिकवायला लागली. हे मनगट वाकवू नका. पाणी पीत राहा. उठताना कुशीवर होऊन उठा. पहिले काही दिवस जिना नाही. मिशरीचा तर विषयच नको, डबी मी फेकून दिली. या दुखण्यात ती थोरली होती आणि ते थोरपण तिला पुरेपूर ठाऊक होतं. गोजरबाई सगळं ऐकत होती. अंगावरचा पाटा गेला होता, श्वास तळापर्यंत जात होता, आणि तरी आतून काहीतरी टोचत होतंच. ही माझ्या आधी सगळं करून आली. मला आता जन्मभर हिच्या मागून चालावं लागणार.

मग तिनं विचारलं, “वैजू, तू टीव्हीत बघितलं हुतंस का गं? तुझं?”

“काय?”

“आतलं. नस. पाणी कसं जातं ते.”

“न्हाय बाई. मी डोळं गच्च मिटून स्वामींचं नाव घेत पडले हुते.”

“मी बघितलं,” गोजरबाई म्हणाली.

वैजयंती मनगट, पाणी, जिना, सगळं विसरली. तिनं स्टूल खाटेजवळ ओढलं, पांढरे बूट स्टुलाखाली सारले, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून वाकून म्हणाली, “कसं असतंय हो अक्का?”

“उशी जरा वर घे,” गोजरबाई म्हणाली. उशी वर झाली. मग तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले, ओठ पुसले. दारातून धोंडीराम डोकावत होता. त्याला तिनं डाव्या हातानं जरा थांबा अशी खूण केली.

“सांगते की,” ती म्हणाली. “गडबड काय हाय?”